मागे घेतलेल्या औषधांची दवंडी कोण देणार?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रव्यवहारात गेले काही आठवडे कोविडकाळातील औषधे, मास्क आणि लस यांवरून वाद रंगला आहे. टाळेबंदीपासून लसीपर्यंत सारे थोतांडच होते, असे मिरजेच्या एका वाचकाने लिहिले. त्यांना उत्तर देणाऱ्या सांगलीच्या वाचकाने शंका घेणाऱ्या प्रत्येकाला अडाणी ठरवून टाकले. दोघांच्याही प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. परंतु पत्रलेखक कोणत्या पक्षाचा असावा हे दोन्ही पत्रांत दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच कळत होते, आणि तापाच्या गोळीविषयीच्या मतावरून माणसाचे मतदान ओळखता यावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. मी गावभागात एकतीस वर्षे औषधांचे दुकान चालवले. आता ते मुलगा पाहतो. महामारीची दोन्ही वर्षे मी काउंटरच्या आतल्या बाजूस उभा होतो, त्यामुळे मी जे लिहीत आहे ते डॉक्टरचे मत नाही आणि कार्यकर्त्याचेही नाही. ज्याच्या हातून ती सारी औषधे गेली अशा एका विक्रेत्याचे ते मत आहे.

आपल्या जिल्ह्यात कोविड आला तो इस्लामपुरात. २३ मार्च २०२० रोजी सौदी अरेबियातून परतलेल्या एकाच कुटुंबातील चार जणांना बाधा झाल्याचे निष्पन्न झाले आणि महिनाअखेरपर्यंत ती संख्या पंचवीसच्या आसपास पोहोचली. साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष तेव्हा इस्लामपूरकडे लागले होते. तिथली साखळी तुटली ती कोणत्या औषधाने, हा प्रश्न मी पुष्कळांना विचारतो आणि बहुतेकांना उत्तर आठवत नाही, कारण तेव्हा औषध असे काही नव्हतेच. त्या कुटुंबाच्या संपर्कात आलेला माणूस न् माणूस शोधला गेला, त्यांना वेगळे ठेवले गेले, परिसर बंद केला गेला, घरोघर आशाताई आणि आरोग्य कर्मचारी फिरले. माझे आजोबा प्लेगच्या आठवणी सांगत, त्यात हेच होते. घरात उंदीर पडू लागले की गाव रिकामे करून लोक माळावर झोपड्या बांधून राहत, आणि आजाऱ्याची झोपडी वेगळी असे. साथीत माणसांपासून माणूस दूर ठेवणे हे आपल्याकडे कोणत्याही सरकारने शिकवलेले नाही. सरकारने ते दंडुक्याने करायला घेतले की मात्र बिघडते, हेही आपण १८९७ साली पुण्यात पाहिलेले आहे. आणि त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा राज्याने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला, हा योग काही फार शुभ म्हणता येणार नाही. तरीही त्याच १८९७ साली सातारा जिल्ह्यातील नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्चला देह ठेवला. कायदा आणि सेवा या दोन्ही गोष्टी साथीत लागतात, पण लोकांच्या ध्यानात कोणती राहते हे वेगळे सांगायला नको.

हे विषयांतर वाटेल, म्हणून औषधांकडे वळतो.

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि रुग्णांच्या घरातल्यांनी प्रतिबंध म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घ्यावे अशी शिफारस केली. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष त्या गोळीची स्तुती करू लागले, आपण ती निर्यात करायची की नाही याच्या बातम्या होऊ लागल्या, आणि बघता बघता मलेरिया व संधिवाताची ती साधी गोळी देशाभिमानाचा विषय झाली. माझ्याकडे एक बाई गेली आठ वर्षे हीच गोळी नेत असत, संधिवातासाठी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा माझ्याकडे एकही पाकीट शिल्लक नव्हते, कारण त्याआधीच्या चार दिवसांत कशाचाही त्रास नसलेली माणसे ती घेऊन गेली होती. सरकारने २६ मार्चला ती गोळी ‘शेड्यूल एच-वन’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरात नोंद ठेवायची, ती नोंद तपासायला निरीक्षकही येऊन गेले. त्या बाई सहा आठवडे सुजलेल्या बोटांनी स्वयंपाक करीत होत्या. पुढे ५ जून २०२० रोजी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीने या गोळीचा रुग्णालयातील कोविड रुग्णांना उपयोग होत नाही असे जाहीर केले. आपल्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेतून मात्र ती सप्टेंबर २०२१ मध्ये गेली, आयव्हरमेक्टिनबरोबर. ती गेल्याचे सांगायला माझ्या दुकानात कोणी आले नाही.

माझे म्हणणे सगळे या एका गोष्टीभोवती आहे. औषध सुरू होते तेव्हा त्याची पत्रकार परिषद होते, मोबाइल लावला की सूचना ऐकू येते, घंटागाडीच्या भोंग्यावरून गल्लीत पुकारा होतो. तेच औषध निरुपयोगी ठरून मागे घेतले जाते तेव्हा कुठल्या तरी संकेतस्थळावर सुधारित पत्रक चढते आणि विषय संपतो. गल्लीतल्या माणसाच्या लेखी ते औषध चालूच राहते.

प्लाझ्माचे उदाहरण घ्या. बरे झालेल्या रुग्णाच्या रक्तातील प्लाझ्मा आजाऱ्याला द्यायचा, ही कल्पना ऐकायला इतकी पटणारी होती की राज्य सरकारने जून २०२० मध्ये त्यासाठी मोठा प्रकल्प सुरू केला, आणि सर्व पक्षांच्या तरुण कार्यकर्त्यांनी आपापल्या नेत्यांच्या छायाचित्रांसह दात्यांच्या याद्या फिरवल्या. त्यांची धडपड खोटी नव्हती; रात्री दोन वाजता मोटारसायकलवरून दाता घेऊन मिरजेला जाणारी मुले मी पाहिली आहेत. परंतु आपल्याच संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्लाझ्माने ना आजार गंभीर होणे टळले, ना मृत्यू, हे ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाले होते. मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा काढला गेला तो १७ मे २०२१ रोजी. मधल्या सात महिन्यांत, आणि विशेषतः त्या भयंकर एप्रिलमध्ये, किती कुटुंबांनी रुग्णाजवळ बसायचे सोडून प्लाझ्मासाठी पायपीट केली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

रेमडेसिव्हिरविषयी लिहायला बसलो तर आपले पान पुरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला होता. पुढे २०२२ मध्ये काही ठरावीक रुग्णांसाठी तिने तो बदललाही, आणि त्यात काही गैर नाही, शास्त्र असेच चालते. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये मात्र ते इंजेक्शन म्हणजे संजीवनी झाले होते. एका खासदारांनी विमानाने इंजेक्शने आणल्याचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. मुंबईत एका औषध कंपनीच्या संचालकाच्या चौकशीवरून विरोधी पक्षनेते रात्री पोलीस ठाण्यात पोहोचले आणि सत्ताधारी मंत्री त्यावरून तुटून पडले. साठा कोणाकडे, परवानगी कोणाची, श्रेय कोणाचे यावर सारे बोलले. हे इंजेक्शन नक्की कोणत्या रुग्णाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे टीव्हीवर सांगणारा एकही पुढारी मला आठवत नाही. याउलट ज्या औषधाने खरोखर प्राण वाचवले ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, हे त्याच ‘रिकव्हरी’ चाचणीतून १६ जून २०२० रोजीच जाहीर झाले होते. काही रुपयांना मिळणारे जुने औषध. त्याच्या कुपीबरोबर छायाचित्र काढून घेतलेला कोणी मी पाहिला नाही.

याच जातीच्या औषधाविषयी मला एक कबुली द्यायची आहे. त्या चाचणीचा दुसरा अर्धा भाग असा होता की ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना या स्टेरॉइडचा फायदा दिसला नाही, उलट अपाय होण्याची शक्यता होती. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या मागच्या गल्लीतले एक जुने ग्राहक आले. कालपासून ताप, ऑक्सिजन ९७, मधुमेह पंधरा वर्षांचा. त्यांच्या मोबाइलवर एका चिठ्ठीचा फोटो होता, पुण्यातल्या भाच्याला त्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचा. त्यात अँटिबायोटिक होते, आयव्हरमेक्टिन होते, झिंक, क जीवनसत्त्व आणि मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या दहा गोळ्या. चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची आहे हे मला दिसत होते. दुकानासमोर चाळीस माणसे उभी होती, प्रत्येकाच्या हातात तसाच मोबाइल होता, आणि मी गोळ्या दिल्या. मे महिन्यात त्यांना काळ्या बुरशीने गाठले आणि मिरजेत त्यांचा वरचा जबडा अर्धा काढावा लागला. माझ्या दहा गोळ्यांमुळेच ते झाले असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, पण वाढलेली साखर आणि विनाकारण घेतलेले स्टेरॉइड या जोडीने ही बुरशी फोफावते हे आता सर्वज्ञात आहे, आणि मी त्या वेळी औषधशास्त्राची पदविका भिंतीवर लावून बसलेला माणूस होतो. ते गृहस्थ आजही दुकानात येतात, मुलाकडून मधुमेहाच्या गोळ्या नेतात आणि मला नमस्कार करतात. त्या चिठ्ठीविषयी आम्ही आजवर बोललेलो नाही.

इथे कोणी म्हणेल की चिठ्ठीशिवाय औषध देणे हा विक्रेत्याचा गुन्हा आहे, त्यात राजकारण कुठे आले? गुन्हा माझा आहेच. परंतु भोवतालचे वातावरण असे होते की ‘हे घेऊ नका’ म्हणणाऱ्या माणसाला लगेच एखाद्या पक्षाचा शिक्का बसत असे. आयव्हरमेक्टिन आमच्याकडचे गवळी जनावरांच्या गोचिडांचे औषध म्हणून ओळखतात, आणि माणसांच्या काही परजीवी रोगांवर ते इतके गुणकारी आहे की त्याच्या संशोधकांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण कोविडवर ते चालत नाही असे म्हटले तर गोव्याच्या सरकारने सगळ्या प्रौढांना ते देण्याचे ठरवल्याचा दाखला तोंडावर फेकला जाई. अर्सेनिकम अल्बमचेही तसेच. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने २९ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे देशात पहिला रुग्ण सापडण्याच्या आदल्या दिवशी, त्या होमिओपॅथी गोळ्या सुचवल्या, आणि राज्यातील दुसऱ्या विचारांच्या सरकारच्या ग्रामविकास खात्याने त्या ग्रामपंचायतींमार्फत वाटायला घेतल्या. शंभरात एक भाग असे तीस वेळा पातळ केलेले ते द्रव्य. त्याने कोणाला इजा होणार नाही हे मला माहीत होते, म्हणून सौभाग्यवतींनी दिलेल्या चार गोळ्या मीही सकाळी उपाशीपोटी घेतल्या. इजा झाली ती वेगळ्या मार्गाने. ‘गोळ्यांचा कोर्स झालाय, आता मास्क कशाला?’ हे वाक्य मी काउंटरवर किती वेळा ऐकले याची गणती नाही. आयुषच्या गोळीवर दिल्ली आणि मुंबई यांचे एकमत व्हावे आणि लशीच्या पुरवठ्यावर होऊ नये, हा त्या काळातला विनोद म्हणायचा.

हळदीच्या दुधाविषयी मी काही बोलणार नाही. ज्या गावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या सांगलीत राहून हळदीला नावे ठेवायची माझी छाती नाही, आणि गरम दूध पिऊन कोणाचे वाईट झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मात्र बाजाराच्या दाराशी उभारलेल्या त्या निर्जंतुकीकरणाच्या बोगद्यांविषयी बोलले पाहिजे. अंगावर हायपोक्लोराइटचा फवारा घेत हमाल आणि शेतकरी आत जात, डोळे चोळत बाहेर येत. माणसांवर असे फवारे मारू नयेत, त्याने विषाणू मरत नाही आणि डोळ्यांना व कातडीला इजा होते, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच स्पष्ट केले होते. उद्घाटनाच्या फिती तोवर कापून झाल्या होत्या, म्हणून बोगदे पुढे कित्येक आठवडे चालू राहिले.

लशीबाबतही आपल्या दोन्ही पत्रलेखकांना मी थोडे थोडे दुखावणार आहे. साठी उलटली असल्याने मी मार्च २०२१ मध्ये पहिली मात्रा घेतली, पुढे दुसरी आणि वर्धकही घेतली, आणि उद्या वेळ आली तर पुन्हा घेईन. परंतु ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या परिणामकारकतेचे निष्कर्ष आलेले नव्हते, आणि त्यावर प्रश्न विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हता. ज्यांनी तेव्हा ते प्रश्न विचारले, त्यांच्याच पक्षाचे लोक तीन महिन्यांनी लस कमी पडते म्हणून ओरडत होते, आणि त्यातही तथ्य होते, कारण एप्रिलमध्ये साठा संपून सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत केंद्रे बंद ठेवावी लागली. प्रमाणपत्रावरच्या छायाचित्राचा ज्यांना अभिमान होता, त्यांतले काही जण आज लशीमुळे हृदयविकाराचे झटके येतात असे संदेश पाठवतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी हासन जिल्ह्यातील आकस्मिक मृत्यूंचा संबंध लशीशी असू शकतो असे म्हटले, तेव्हा केंद्राने दुसऱ्याच दिवशी संशोधन परिषद आणि एम्स यांच्या अभ्यासांचा हवाला देऊन ते नाकारले. आणि आमच्या कट्ट्यावर त्या अभ्यासांत काय आहे याऐवजी ते मुख्यमंत्री कोणत्या पक्षाचे आहेत यावर संध्याकाळ गेली.

कोव्हिशील्ड लशीनंतर रक्त गोठण्याच्या दुर्मीळ दुष्परिणामाचेही असेच झाले. २०२४ मध्ये लस विकसित करणाऱ्या कंपनीने असा दुष्परिणाम होऊ शकतो हे लंडनच्या न्यायालयातील कागदपत्रांत मान्य केल्याच्या बातम्या आल्या तेव्हा ‘हे आमच्यापासून लपवले’ असा गदारोळ झाला. वस्तुतः केंद्राच्या समितीने मे २०२१ मध्येच कोव्हिशील्डनंतर अशा २६ संभाव्य घटना आढळल्याचे, म्हणजे दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके त्यांचे प्रमाण असल्याचे जाहीर केले होते. लपवले नव्हते हे खरे, पण सांगितले होते असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण घंटागाडीवर ‘लस घ्या’ हे जसे ऐकू येत होते तसे ‘लस घेतल्यावर वीस दिवसांत पाय सुजला, दम लागला किंवा डोके असह्य दुखले तर रुग्णालय गाठा’ हे ऐकू आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात लशीची सक्ती कोणावर करता येणार नाही असे म्हटले, सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी नसल्याचेही म्हटले, आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवण्यास सांगितले. त्यातले पहिले वाक्य एका बाजूच्या लोकांना पाठ आहे आणि दुसरे दुसऱ्या बाजूच्या. तिसरे कोणीच म्हणत नाही.

खबरदारीच्या नियमांना लोक कंटाळले त्याचे कारण मला तरी शिस्तीचा अभाव हे वाटत नाही. सांगलीकराने २०१९ चा महापूर सोसला, २०२१ च्या जुलैत साथ चालू असताना पुन्हा पुराचे पाणी घरात घेतले. त्याला शिस्त शिकवायला नको. पण चार वाजता शटर ओढले नाही म्हणून हातगाडीवाल्याला दंड होतो, आणि एप्रिल २०२१ मध्ये पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोटनिवडणुकीत सर्व पक्षांच्या सभा होतात, जूनअखेरीस आपल्या वाळवा, कडेगाव, कऱ्हाडात कृष्णा कारखान्याच्या निवडणुकीसाठी गावोगाव बैठका होतात, हे तो पाहत होता. नियम विषाणूसाठी आहे की आपल्यासाठी, हे त्याला तिथे कळले.

आता माझी विनंती. साथ पुन्हा येईल तेव्हा येईल. २०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या बातम्या आल्या तेव्हा दोनच दिवसांत मुलाच्या दुकानात आयव्हरमेक्टिन मागणारी माणसे आली, म्हणजे कोविडकाळातली चिठ्ठी अजून कोणाच्या तरी मोबाइलमध्ये जपलेली आहे. जिल्हाधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी असा शिरस्ता घालावा की एखादे औषध वा खबरदारी ज्या मार्गांनी लोकांना सांगितली गेली, ती मागे घेतल्याचे त्याच मार्गांनी, तितक्याच वेळा आणि कारणासह सांगितले जाईल. भोंग्यावरून सांगितली असेल तर भोंग्यावरून, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली असेल तर फळ्यावर. औषधाची घोषणा पालकमंत्र्यांनी न करता जिल्हा शल्यचिकित्सकांनी करावी, म्हणजे ती मागे घेताना कोणाची मानहानी होणार नाही. औषधे मागे घेतल्याची लेखी सूचना प्रत्येक दुकानाला मिळावी आणि ती दर्शनी भागात लावणे बंधनकारक असावे. त्या एप्रिलमध्ये असा एखादा कागद माझ्या काउंटरवर चिकटवलेला असता, तर त्याच्याकडे बोट दाखवून नाही म्हणणे मला सोपे गेले असते.

आणि आपल्याकडे एक मागणी आहे. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्याच पहिल्या पानावर आलेल्या औषधांच्या बातम्यांची कात्रणे माझ्याकडे एका खोक्यात आहेत. त्यांतील कोणते औषध पुढे टिकले, कोणते कधी आणि का गळाले, हे सांगणारी एक छोटी चौकट आपण जिल्ह्याच्या पानावर आठवड्यातून एकदा द्यावी. मजकूर एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांकडून तपासून घ्यावा. कात्रणे, तारखा आणि जुनी एच-वन रजिस्टरे मी आपल्या कार्यालयात आणून देईन. सुरुवात मिथाइलप्रेडनिसोलोनपासून करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधविक्रेता
गावभाग, सांगली